मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

पत्र असं आहे:

"आम्ही तिघं. नवरा आणि मी, दोघंही नोकरी करतो. मुलगा पंधरा वर्षांचा. दीड वर्षापूर्वी मी ठरवलं की आता साधं राहायचं आणि पैसे साठवायचे. तेव्हापासून खोलीबाहेर पडताना दिवा मालवते, रात्री सगळे चार्जर भिंतीतून काढते. नवे कपडे घेतले नाहीत. बाहेर जेवायला जाणं बंद, सिनेमा बंद. सामानासाठी तीन दुकानं फिरते, जे जिथे स्वस्त ते तिथून घेते. रोजचा खर्च वहीत लिहिते. एवढं करूनही महिनाअखेर खात्यात पूर्वीइतकंच उरतं, म्हणजे जवळपास काहीच नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, दर महिन्याला किमान रक्कम भरतो. अडीअडचणीसाठी बँकेत एक ठेव आहे, तिला हात लावत नाही. गाडीचे हप्ते चालू आहेत, ती बहुतेक वेळ उभीच असते. घर भाड्याचं, एक खोली तशी जादाच आहे. करार सात महिन्यांनी संपतो. नवरा म्हणतो, तू घराचं वसतिगृह केलंस. परवा मुलाने विचारलं, 'आई, आपण गरीब झालोय का?' आणखी कुठे काटछाट करू, ते सांगा."

ताई,

आणखी कुठेच नको. उलट जी चालली आहे, तिच्यातली थोडी मागे घ्या. का ते सांगते.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी म्हण आहे आपल्याकडे. दीड वर्ष तुम्ही बोळा घट्ट बसवताय. दिवे, चार्जर, सिनेमा, तीन दुकानं यांनी तुमचं पत्र भरलंय. ज्यातून पैसा खरोखर जातोय ती कार्डाची थकबाकी, उभी गाडी आणि जादा खोली मात्र तुम्ही शेवटी, जाता जाता, एकेका वाक्यात उरकली आहे. यात तुमचा दोष नाही. दिवा डोळ्यांसमोर जळताना दिसतो आणि तो मालवला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. भाडं आणि हप्ते महिन्याच्या सुरुवातीला मुकाट्याने खात्यातून वळते होतात. त्यांच्याकडे पाहायची वेळच येत नाही.

आधी चार्जरचंच घेऊ, कारण घरातली निम्मी भांडणं त्यावरून होत असणार. विजेचं एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र तासभर चालवणं. फोन लावलेला नसताना आजचा चार्जर वॅटच्या दशांशाएवढी वीज घेतो. तो वर्षभर भिंतीतच राहिला तरी एक युनिट जेमतेम भरतं. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास जळला तर एका युनिटाला जवळपास चार आठवडे लागतात. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब चारच दिवसांत तेवढी वीज खायचा. त्या काळी दिवा मालवण्याच्या सवयीत खरोखरचे पैसे होते. दिवे बदलले, सवय तीच राहिली.

आता दुसरी बाजू पाहा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडतं. दहा मिनिटांच्या अंघोळीचं पाणी २० अंशांनी तापवायचं तर दोन युनिटांच्या आसपास वीज जाते. तेवढ्यात फोन शंभरेक वेळा चार्ज होतो. पंधरा वर्षांचा मुलगा शॉवरखाली किती वेळ असतो, हे मला तुम्ही सांगायला नको. म्हणून घरात विजेचा एकच नियम ठेवा, तो गरम पाण्याचा. शॉवर पाच मिनिटांचा, हीटरची खूण थोडी खाली. कपड्यांचं मशीन पाणी तापवणारं असेल तर कपडे थंड किंवा कोमट पाण्यात धुवा. अशा मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. टीव्हीजवळ सेट-टॉप बॉक्ससारखी एखादी जुनी पेटी रात्रंदिवस चालू असेल तर तिचं बटण मात्र बंद करा. दहा वॅट सतत वर्षभर म्हणजे साडेसत्त्याऐंशी युनिटं होतात. बाकी चार्जर, जिन्यातला दिवा, कुणी पंखा चालू ठेवून गेला, हे सगळं सोडून द्या. त्यावरून कुणाला बोलूही नका.

एवढं सविस्तर सांगितलं, पण हा विषय मुळात लहान आहे. मोठा विषय कार्डाचा.

तुमच्या कार्डावर व्याज किती लागतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. समजा महिन्याला ३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्याजावर व्याज चढत असल्यामुळे वर्षाला ते ३६ न राहता ४२.६ टक्क्यांवर जातं. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के धरू. म्हणजे शंभराच्या देण्यावर तुम्ही पाच भरता, त्यातले तीन व्याजात जातात आणि मुद्दल दोनानेच कमी होतं. पुढच्या महिन्यात देणं अठ्ठ्याण्णव, किमान रक्कमही थोडी कमी, आणि आपण बरे चाललोय असं वाटतं. कार्डाने नवीन काहीही घेतलं नाही असं धरलं, तरी या चालीने देणं निम्म्यावर यायला तीन वर्षांना एखाद-दोन महिनेच कमी लागतात. तोवर तुम्ही भरलेले असतात जवळजवळ एकशे पंचवीस. शंभर देणं होतं, सव्वाशे देऊन झाले, आणि पन्नास अजून उभे.

त्याच शंभरासाठी दर महिन्याला ठाम दहा भरले तर? बारा महिन्यांत खेळ जवळजवळ खलास, तेराव्यात किरकोळ बाकी, एकूण गेले साधारण एकशे एकवीस. आधीच्यापेक्षा कमी पैसे, आणि डोक्यावर काही नाही.

हा हिशेब तुमच्या वहीत कुठेच दिसला नसणार. वहीत 'कार्ड' म्हणून भरलेली रक्कम आहे. त्यातलं व्याज किती, हे कार्डाच्या मासिक पत्रकात असतं आणि ते पत्रक कुणी उघडत नाही. आज उघडा. गेल्या बारा महिन्यांचं नुसतं व्याज बेरीज करून एका कागदावर लिहा. शेजारी वर्षभरात न पाहिलेल्या सिनेमांची आणि न जेवलेल्या जेवणांची अंदाजे किंमत मांडा. तुमच्या घरातली काटकसर कुठे मुरली, ते तिथे दिसेल.

आता त्या ठेवीबद्दल. ती 'अडीअडचणीसाठी' आहे, म्हणून तुम्ही हात लावत नाही. पण ताई, अडचण येऊन बसली आहे. बँक ठेवीवर वर्षाला एकआकडी टक्के देते आणि कार्ड तुमच्याकडून त्याच्या कित्येक पट घेतं. एका हाताने स्वस्तात पैसे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने महागात उसने घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवा, उरलेली ठेव मोडा आणि थकबाकी भरा. मुदतीआधी मोडली म्हणून थोडं व्याज कापतील, कापू द्या. पुरी फिटली नाही तर उरलेल्या रकमेवर दर महिन्याला ठरलेला मोठा आकडा भरा. ती पुरती फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. थकबाकी मागे असली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही. व्याज खरेदीच्या दिवसापासूनच सुरू होतं. म्हणजे आज कार्डाने घेतलेली कुठलीही स्वस्त वस्तू स्वस्त राहत नाही.

गाडीकडे वळते. इथे तुमच्या यजमानांचं मन गुंतलेलं असणार, तेव्हा हा परिच्छेद दोघांनी मिळून वाचावा.

गाडीचा खर्च म्हणजे इंधन, अशी बहुतेकांची समजूत. इंधन हा तिचा डोळ्यांना दिसणारा खर्च. त्याखेरीज हप्ता, विमा, जागेचं भाडं, देखभाल, आणि सगळ्यात छुपा तो घसारा, म्हणजे दरवर्षी तिची विक्रीची किंमत जेवढ्याने उतरते ती रक्कम. यातल्या बऱ्याच गोष्टींना गाडी चालली काय आणि उभी राहिली काय, फरक पडत नाही. उभ्या गाडीची बॅटरी तर उलट उतरते. वर्षाचा हा सगळा खर्च एकत्र मांडा आणि वर्षात जितके दिवस ती खरोखर बाहेर पडली तेवढ्यांनी भागा. एका दिवसाचा आकडा येईल. त्या आकड्यात दारात टॅक्सी बोलावून, दिवसभर थांबवून घेता आली असती का, ते पाहा.

येत असेल तर गाडी विकण्याचा विचार करा. आता 'इतके हप्ते भरलेत, आता कसली विकता' हे वाक्य घरात हमखास येणार. भरलेले हप्ते गाडी ठेवल्याने परत येत नाहीत आणि विकल्यानेही येत नाहीत, म्हणून त्यांना हिशेबात घेऊच नका. आजपासून पुढे काय द्यावं लागेल आणि आज विकली तर हातात काय येईल, एवढंच पाहायचं. कर्ज देणाऱ्याकडून आजची बाकी लेखी मागवा, मुदतीपूर्वी फेडण्याचं शुल्क विचारा, आणि गाडीची किंमत दोन-तीन ठिकाणी काढा. किंमत बाकीपेक्षा जास्त असेल तर प्रश्न सुटला. कमी असेल तर तो फरक किती महिन्यांच्या हप्त्यांएवढा आहे ते पाहून ठरवा. घरात कुणाला आजारपणामुळे गाडी लागत असेल, किंवा तुमच्या भागात दुसरं वाहनच मिळत नसेल, तर ठेवा. मग निदान ती का ठेवली हे माहीत असेल.

जादा खोलीत काय आहे, हे पत्रात नाही, पण मी पैज लावते की सामान आहे. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं, खोकी न उघडलेलं, नादुरुस्त पण टाकवत नाही असं. त्या खोलीच्या वाट्याचं भाडं काढा. घराचं क्षेत्रफळ आणि खोलीचं क्षेत्रफळ, साधा त्रैराशिकाचा हिशेब. तेवढं भाडं तुम्ही दर महिन्याला त्या सामानासाठी भरताय. त्यातलं किती सामान आज बाजारात तेवढ्या भाड्यात नवं मिळेल, असा प्रश्न एकेका खोक्यापुढे उभं राहून विचारला की बरीच खोकी आपोआप हलतात. (आणि ती हलवण्याच्या नादात एकसारख्या बरण्या, कप्प्याकप्प्यांचे डबे आणि लेबलं आणू नका. साधेपणासाठी खरेदी करणं हा नवाच छंद निघालाय हल्ली.)

खोली मोकळी झाली की करार संपताना लहान घर भाड्याने घेता येईल. ते घेताना एक सांभाळा. भाडं कमी म्हणून लांब जाऊ नका. दोघांचा रोजचा प्रवासखर्च भाड्यात मिळवा आणि मग दोन घरांची तुलना करा. शिवाय वेळ. जाण्यायेण्यात रोज एक तास जास्त गेला तर थकलेला माणूस स्वयंपाक करत नाही, जेवण मागवतो. स्वस्त घराची बचत अशी कुठल्या कुठे जाते, आणि वहीत ती 'घर' या नावाखाली सापडतही नाही.

आता तुमच्या मूळ कोड्याकडे येऊ. दीड वर्ष एवढं सगळं वाचवलं, ते गेलं कुठे? थोडं व्याजात गेलं, हे झालंच. पण दुसरंही कारण आहे. ब्रिटिश इतिहासकार सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९६० साली मांडलं होतं की खर्च वाढत वाढत मिळकतीला जाऊन भिडतो. वाचवलेल्या पैशाचंही तसंच आहे. तो चालू खात्यात पडून राहिला की त्याला पाय फुटतात. सिनेमाचे वाचलेले पैसे 'शिल्लक' म्हणून दिसतात, त्या शिलकीच्या भरवशावर कुणीतरी दुसरं काहीतरी घेतं, आणि महिनाअखेर पुन्हा तिथेच.

म्हणून पगार जमा होतो त्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी बँकेला कायमची सूचना द्या. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका, ते फोनवरच्या पैसे देण्याच्या ॲपला जोडू नका. रक्कम सुरुवातीला लहान ठेवा. कार्ड फिटलं की कार्डाला जात होती ती सगळी रक्कम, एकही महिना मध्ये न सोडता, तिकडे वळवा. तो महिना सोडला तर ती कायमची गेली असं समजा. घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही कुठे गेली ते.

तुमच्या वहीचं कौतुक आहे, पण ती उलट्या बाजूने चालू आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही छापून प्रसिद्ध केली, आणि तिथे अशी वही ठेवण्याची रीत पुढे रुजली. त्यांचा भर महिना सुरू होण्याआधी कशाला किती द्यायचं हे मांडून ठेवण्यावर होता. खर्च झाल्यावर लिहिलेली वही काय झालं ते सांगते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही महिन्याच्या पहिल्या दिवशी चार-पाचच ओळी मांडा: घर, देणी, बचत, किराणा, बाकी सगळं. रोजचा नोंदींचा कारभार बंद करा. आठवड्यातून एकदा 'बाकी सगळं'मध्ये किती उरलं एवढं पाहिलं तरी पुरे.

सामानाबद्दल थोडक्यात. तीन दुकानं फिरणं सोडा, एकच धरा आणि पाकिटावरच्या किमतीऐवजी किलोमागची किंवा लिटरमागची किंमत पाहायची सवय ठेवा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. खरी बचत दुकानात कमी आणि घरात जास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. तुमच्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात आत्ता झाकण लावलेला एक डबा असेल, ज्यात काय आहे हे तिघांपैकी कुणालाच नक्की सांगता येणार नाही. सगळ्यात वरचा कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवा, उरलेलं सगळं तिथे, पुढच्या बाजूला. खरेदीला जाण्याआधी फक्त तो कप्पा पाहायचा. वर्षभर तीन दुकानं फिरून जे मिळालं, त्याहून जास्त त्या कप्प्यातून निघेल असा माझा अंदाज आहे.

आता माणसांचं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते यजमानांचं वाक्य. 'तू घराचं वसतिगृह केलंस.' त्यात 'तू' आहे. साधं राहायचं तुम्ही ठरवलंत, एकटीने, आणि ते तिघांना लागू झालं. पत्रातच लिहिलंय तुम्ही, 'मी ठरवलं'. हेतू चांगलाच होता, पण दुसऱ्याने लादलेली काटकसर माणूस शिक्षेसारखी भोगतो आणि पहिली संधी मिळताच तिची भरपाई करतो. कार्डावर गेल्या वर्षातल्या अशा भरपाया सापडतील, त्यांत एखादी तुमचीही असेल.

१९७१ साली फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं की परिस्थिती बदलली तरी माणूस तिला सरावतो आणि त्याचं समाधान पुन्हा आधीच्या जागी येऊ पाहतं. नव्या गाडीचं सुख असंच ओसरतं, नव्याचे नऊ दिवस. हेच पुष्कळदा उलट्या दिशेनेही चालतं. घर एका खोलीने लहान झालं की दोन-तीन महिने चुटपुट लागते, मग तेच घर वाटायला लागतं. पण त्यासाठी बदल एकदा होऊन संपलेला असावा लागतो. दिवा, चार्जर, 'हे नको, ते महाग आहे', हा नकार रोज नव्याने द्यावा लागतो आणि रोज नव्याने ऐकावा लागतो. त्याला कुणी सरावत नाही. दीड वर्षात तुमच्या घराला तो नकारच दिसला, त्याच्या बदल्यात हाती आलेलं काही दिसलं नाही.

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तिघं बसा. मुलालाही बसवा. पंधराव्या वर्षी टक्केवारी येते, आणि 'आपण गरीब झालोय का' याचं उत्तर त्याला आकड्यांत मिळालं पाहिजे. मिळकत किती, घराला किती जातं, गाडीला किती, व्याजात किती. 'तुला काय करायचंय, अभ्यास कर' म्हणून टाळलंत तर तो मनाने जे चित्र रंगवेल ते खऱ्यापेक्षा भयंकर असेल. कार्डाचा तो शंभर आणि सव्वाशेचा हिशेब त्यालाच करायला द्या. त्याच्यासाठी ती वर्षभरातली सगळ्यात उपयोगी शिकवणी ठरेल, शिवाय फुकट.

त्या बैठकीत एकच गोष्ट आधी ठरवा: तिघांनाही दर महिन्याला थोडे पैसे मिळतील आणि त्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारणार नाही. मिळकतीच्या मानाने लहान रक्कम असली तरी चालेल. त्यातून यजमानांनी काय घेतलं यावर तुम्ही भुवईही उंचवायची नाही. हे तुम्हाला चार्जरपेक्षा अवघड जाईल. आणि महिन्यातून एकदा तिघं बाहेर जा, सिनेमाला म्हणा, जेवायला म्हणा. तो खर्च पहिल्या दिवशीच्या पाच ओळींत धरलेला असेल, त्यामुळे मनाला बोचणार नाही. कपडे लागतात तेवढे घ्या. दीड वर्षात मुलाची उंची किती वाढली असेल!

लहान खर्चांपैकी एकाच जातीवर नजर ठेवा, दर महिन्याला आपोआप कापले जाणारे. वर्गण्या, न वापरलेली सदस्यत्वं, फोनवरच्या चाचणीपुरत्या घेऊन विसरलेल्या सेवा. खात्याचा गेल्या तीन महिन्यांचा उतारा घेऊन बसलात की तासाभरात सापडतील. वार्षिक असतील त्या मात्र तीन महिन्यांच्या उताऱ्यात दिसणार नाहीत, त्यासाठी वर्षाचा काढा. काय बंद करायचं ते तिघांनी ठरवा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात कार्डाचं पत्रक आणि ठेव. या महिन्यात आपोआप बचतीची सूचना, रक्कम कितीही लहान असो. गाडीचा निर्णय दोन महिन्यांत घ्या, जितका लांबेल तितकी तिची किंमत उतरेल. खोलीतलं सामान त्यानंतर, सवडीने, दर सुट्टीला दोन-तीन खोकी. लहान घर शोधायला करार संपण्याच्या तीन महिने आधी लागा. घरमालकाला किती दिवसांची आगाऊ सूचना द्यायची असते ते करारात आत्ताच वाचून ठेवा. सामान हलवण्याचा खर्च आणि नव्या घरासाठी द्यावी लागणारी अनामत विसरू नका. आधीची अनामत परत मिळायला वेळ लागतो आणि मधल्या काळात लोक पुन्हा कार्ड बाहेर काढतात. एवढी रक्कम सात महिन्यांत त्या दुसऱ्या खात्यात जमेल का, याचा हिशेब पहिल्याच बैठकीत करा. जमत नसेल आणि घरमालक तयार असेल, तर आहे तिथेच सहा महिन्यांची मुदतवाढ मागा, आणि घर नंतर बदला.